टेंडनच्या ऑपरेशनात घालतात ते न चिकटण्याचं जेल: आईच्या दोन बोटांचा अनुभव (कोल्हापूर)

आधी मत सांगतो, मग सविस्तर. हाताची कापलेली टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी, बोट वाकवणारी दोरी) शिवल्यावर ती आजूबाजूला चिकटू नये म्हणून आत हायलुरोनिक ॲसिडचं जेल सोडतात, ते आम्ही आईच्या ऑपरेशनात वापरलं. पैसे पाण्यात गेले असं म्हणणार नाही, पण ज्यांच्याकडं पैसे मोजके आहेत आणि जेल घ्यायचं की फिजिओथेरपी पूर्ण करायची असा प्रश्न आहे त्यांनी डोळे झाकून थेरपीला द्यावेत. जेलला पाचपैकी तीन स्टार, थेरपीला पाचपैकी पाच.

झालं असं की आई विळी उचलून ठेवत होती, पातं नीट मिटलेलं नव्हतं, विळी हातातनं सुटली आणि तिनं सवयीनं ती पकडायला हात घातला. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका, तळहाताच्या बाजूनं, बोटाच्या मुळाजवळ. रक्त लई नव्हतं, त्यामुळं घरात सगळ्यांना वाटलं चार टाके पडतील आणि झालं. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, त्यांनी खरंच टाके घातले, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि पाठवलं. बोट वाकवून बघा असं कुणीही म्हटलं नाही, एकदाही नाही, आणि याचा मला आजही राग येतो कारण तपासायला एक मिनिट लागतं. बोटाचा मधला सांधा दुसऱ्या हातानं सरळ धरून ठेवायचा आणि पेशंटला फक्त टोक वाकवायला सांगायचं, टोक हललं नाही म्हणजे खोलवरची टेंडन गेली. मग बाकीची बोटं सरळ धरून ठेवून एकच बोट मधल्या सांध्यात वाकवायला लावायचं, त्यात वरची टेंडन कळते. आणि बोटाच्या दोन्ही कडांना हळूच स्पर्श करून विचारायचं, बधिर लागतंय का, कारण टेंडनच्या अगदी शेजारून नस जाते आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र कापतात. तळहाताकडच्या बाजूला कुठंही खोल काप लागला तर घरी बसून तुम्हीच एवढं करून बघा.

दुसऱ्या दिवशी पट्टी सैल झाली तेव्हा आईच म्हणाली, अरे करंगळी सरळच राहतीया, मुठीत येईना. मग धावपळ. नातेवाईक म्हणाले मिरजेला न्या, कोण म्हणालं पुण्याला, एकानं तर कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलचं नाव काढलं (हाताच्या सर्जरीसाठी ते देशभर नावाजलेलं आहे हे खरं), पण राजारामपुरीतच हाताची कामं करणारे प्लॅस्टिक सर्जन भेटले आणि त्यांनी तपासून सांगितलं की हे इथंच होईल, फक्त उशीर नको. टेंडन तुटली की वरचा स्नायू तिचं टोक ओढून घेतो, जितके दिवस जातील तितकं ते टोक तळहातात मागं जातं आणि स्नायू आखडतो, मग दोन टोकं भिडवणंच मुश्कील. पहिल्या काही दिवसांत झालं तर उत्तम, दोन-तीन आठवडे उलटले की गणित बिघडत जातं.

आता हे चिकटणं म्हणजे काय ते लिहितो, कारण ते कळल्याशिवाय जेल कशाला हे कळत नाही. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटात वाकवणाऱ्या दोन टेंडन असतात, एक वरची आणि एक खोलवरची, आणि दोन्ही मिळून एका अरुंद नळीतून जातात, सायकलच्या ब्रेकची वायर केसिंगमधून जाते तशा. ही नळी हाडाला घट्ट बांधलेली असते, नाहीतर बोट वाकवताना टेंडन धनुष्याच्या दोरीगत वर येईल. जखम भरून यायला शरीर तिथं नवीन पेशी पाठवतं, त्या टेंडनमधूनही येतात आणि भोवतालच्या आवरणातूनही येतात, आणि त्या बिचाऱ्यांना टेंडन कुठली नि नळी कुठली हे वेगळं ठेवायचं नसतं, त्या दोन्हीला एकत्र जोडून टाकतात. टेंडन जुळते, पण सरकत नाही. म्हणजे ऑपरेशन यशस्वी आणि बोट काठीसारखं. बोटाच्या मुळापासून मधल्या पेरापर्यंतचा हा भाग, सर्जन त्याला झोन दोन म्हणतात, आणि स्टर्लिंग बनेल या अमेरिकन हँड सर्जननं त्याला नो मॅन्स लँड म्हटलं होतं, कारण तिथं शिवलेलं सगळं चिकटायचं, त्यामुळं त्या काळी तिथं लगेच शिवूच नका, नंतर दुसरीकडची टेंडन आणून लावा असा सल्ला असायचा. १९६७ साली अमेरिकेतल्याच लुईव्हिलच्या क्लायनर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की नीट शिवलं आणि रबर बँड लावून लगेच हालचाल सुरू केली तर तिथंही बोट चांगलं चालतं. आईचा काप नेमका ह्याच जागी होता.

तर चिकटू नये म्हणून मधे काहीतरी घालायची कल्पना फार जुनी आहे. पूर्वी सेलोफेनपासून पॉलिथिनपर्यंत सगळं करून बघितलेलं आहे, पण पूर्ण बंद कागद गुंडाळला तर टेंडनला पोषण मिळत नाही, ती आतल्या आत कमजोर होते. म्हणून आताची साधनं अशी असतात की पेशी अडतील पण द्रव आरपार जाईल, आणि काम झाल्यावर शरीरातच विरघळून जातील. काही जेल स्वरूपात येतात, काही पातळ पडद्यासारखी, कोलॅजनची, अल्जिनेटची, हायलुरोनिक ॲसिडची, आणि परदेशात गर्भावरणाचा पडदासुद्धा वापरतात. आम्हाला सुचवलं ते हायलुरोनिक ॲसिडचं जेल, म्हणजे गुडघेदुखीवाल्यांना सांध्यात जे इंजेक्शन देतात त्याच घराण्यातलं, फक्त इथं त्याचे धागे एकमेकांना जोडून दाट केलेलं, जेणेकरून ते दोन दिवसांत वाहून न जाता सुरुवातीचे महत्त्वाचे दिवस तिथं टिकेल. हा पदार्थ मुळात आपल्या सांध्यात, डोळ्यात, कातडीत असतोच, १९३४ साली मायर आणि पामर या शास्त्रज्ञांनी तो गाईच्या डोळ्यातनं वेगळा काढला होता.

इथं एक गोष्ट, आमच्यासारख्या घरांना उपयोगी पडेल. आम्ही जैन. आईनं ऑपरेशनच्या आधी सगळ्यात पहिला प्रश्न विचारला तो खर्चाचा नाही, दुखण्याचा नाही, हे जेल कशापासून करतात हा. आणि प्रश्न अगदी बरोबर होता, कारण हायलुरोनिक ॲसिड पूर्वीपासून कोंबड्याच्या तुऱ्यातनं काढत आलेत आणि अजूनही काही उत्पादनं तशी असतात, दुसरी पद्धत जिवाणूंकडून टाकीत आंबवून तयार करायची. डॉक्टरांनी टाळाटाळ केली नाही, डीलरला फोन लावून माहितीपत्रक मागवलं, त्यात फर्मेंटेशनचं आहे असं स्पष्ट छापलं होतं, ते आईला वाचून दाखवलं तेव्हा तिनं सही केली. कोलॅजनचा पडदा सुचवला असता तर तो बहुतेक वेळा गाई-बैलाच्या कातडी-टेंडनपासून असतो, तेव्हा ज्यांना ही अडचण आहे त्यांनी आधी विचारा. विचारण्यात लाज नाही, आणि ज्यांना अंड्याची किंवा पक्ष्यांच्या प्रोटीनची ॲलर्जी आहे त्यांनी तर सांगायलाच हवं.

ऑपरेशन आई जागी असताना झालं. फक्त हाताला भुलीचं औषध, त्यात ॲड्रिनलीन मिसळलेलं, त्यामुळं रक्त कमी आणि दंडाला आवळपट्टी बांधावी लागत नाही. ही पद्धत कॅनडाच्या डॉ. लालोंड यांनी जगभर रूढ केली, त्याआधी बोटात ॲड्रिनलीन दिलं तर बोट काळं पडतं अशी भीती असायची. फायदा असा की टाके घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, काकू, आता बोटं हळू वाकवा, आणि आईनं टेबलावरच वाकवली. शिवण कुठं अडकतीया का, टाक्यांत फट पडतीया का हे सगळं कातडी उघडी असतानाच दिसलं, करंगळीत एका ठिकाणी अडकत होतं तिथं नळीची कड थोडी मोकळी केली आणि परत वाकवायला लावली. हे बघितल्यावर मला वाटतं की चिकटणं टाळायचं पहिलं साधन हेच, मजबूत आणि गुळगुळीत शिवण. डॉक्टरांनी चार धाग्यांचा टाका घातला आणि वरून कडेनं बारीक धाग्यानं शिवून घेतलं. जेल शेवटी, कातडी बंद करायच्या आधी, सिरिंजनं शिवणीभोवती सोडलं, काम दोन मिनिटांचं.

जेलबद्दल आमच्या डॉक्टरांनी आधीच स्वच्छ सांगितलं होतं, त्याबद्दल त्यांचं खरंच कौतुक, कारण पेशंटचे नातेवाईक घाबरलेले असतात तेव्हा काहीही विकता येतं. ते म्हणाले जेल शिवणीला ताकद देत नाही, घाण जखमेत किंवा इन्फेक्शन असेल तर मी घालणार नाही, आणि ते घातलं म्हणून व्यायामात सूट मिळणार नाही. पुरावा विचारला तर म्हणाले मिश्र आहे. मी नंतर घरी बसून वाचलं, तसंच निघालं. १९९२ साली एक नियंत्रित अभ्यास झाला, टेंडनच्या ऑपरेशनात हायलुरोनेट (हायलुरोनिक ॲसिडचंच रूप) देऊन, फरक सिद्ध झाला नाही. ॲडकॉन नावाचं एक जेल होतं, त्यावर २००३ ला अभ्यास आला, झोन दोनमध्येच, त्यात शेवटी बोट किती वळतं यात ठळक फरक मिळाला नाही. उलट २०१० ला इटलीतला अनेक हॉस्पिटलांचा अभ्यास आहे, हायलोग्लाइड नावाच्या दाट केलेल्या हायलुरोनिक जेलवर, तिथं फायदा दिसला, पण ती ऑपरेशनं पहिल्यांदा शिवायची नव्हती, आधीच चिकटलेली टेंडन सोडवायची होती. हा फरक लक्षात ठेवा. कुत्रे, ससे, कोंबड्या यांच्यावरच्या प्रयोगांत ही साधनं लई चांगली दिसतात, माणसात तेवढी नाहीत, आणि जाहिरातीच्या कागदावर बहुतेक करून प्राण्यांचेच फोटो असतात.

आता थेरपी. खरी लढाई इथं. आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम राजारामपुरीतच बसतात, हाताचंच काम करतात, आणि ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी पट्टी काढून त्यांनी आईच्या हाताच्या मागच्या बाजूनं स्प्लिंट बनवला. प्लॅस्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करतात, हातावर ठेवून आकार देतात, दोन मिनिटांत कडक होते. मनगट आणि बोटांची मुळं अशा कोनात की बोटं पूर्ण ताठ होऊच शकत नाहीत, पण मुठीकडं वळू शकतात. (हा स्प्लिंट उन्हात गाडीत ठेवू नका, आकार जातो, आमच्या शेजारच्या बेडवरच्यांचा तसा गेला होता.) मग दर तासाला व्यायाम. आधी दुसऱ्या हातानं बोट मुठीत घालायचं, मग स्वतःहून अर्धी मूठ, पुढं हळूहळू जास्त. ड्युरान आणि हाऊझर यांनी १९७५ ला सांगितलं होतं की टेंडन ३ ते ५ मिलिमीटर सरकत राहिली तरी घट्ट चिकटणं टळतं, एवढंसं अंतर, पण ते रोज, दिवसभर सरकायला हवं.

आणि उलटी बाजूही तेवढीच भयंकर. पहिले तीन आठवडे शिवण सगळ्यात नाजूक असते, जोर लावला तर तुटते, आणि तुटली की परत पहिल्यापासून. म्हणजे हलवलं नाही तर चिकटणार, जास्त हलवलं तर तुटणार. ही मधली वाट कुठली जेल दाखवत नाही, ती फक्त शिकवणारं माणूस दाखवतं. मॅडमनी आईला शिकवलं, मला शिकवलं, माझ्या बायकोला शिकवलं, आमच्याकडनं करून घेतलं आणि चुकलं की थांबवलं. सहा आठवडे स्प्लिंट, बारा आठवडे जड काही उचलायचं नाही, कपडे पिळायचे नाहीत, बादली नाही, कणीक तिंबायची नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षं स्वयंपाकघर एकटीनं चालवलं तिला नुसतं बसवून ठेवणं किती अवघड आहे हे ज्यांच्या घरात अशी आई आहे त्यांनाच कळेल. कधी रडायची, कधी आमच्यावर चिडायची. मॅडम तिला म्हणायच्या, काकू, तुमचं काम आता एवढंच, दर तासाला बोटं. सूज कमी करायला बोटाला गुंडाळायची चिकट पट्टी, रात्री हात उशीवर उंच, टाके निघाल्यावर व्रणाला तेल लावून मालिश, हे सगळं त्यांनीच बघितलं. फी जेलच्या मानानं काहीच नाही. जेलची रक्कम आमच्या बिलात पाच आकडी होती आणि थेरपीची सगळी मिळून त्याच्या निम्म्यालाही पोचली नाही.

निकाल सांगतो, यातच माझ्या तीन स्टारचं कारण आहे. सर्जन लोक बोटाच्या वरच्या दोन सांध्यांचं वाकणं मोजून, सरळ न होणारा भाग वजा करून, त्याची १७५ अंशांशी तुलना करतात, स्ट्रिकलँडची पद्धत म्हणतात तिला. ८५ टक्के आणि वर एक्सलंट, ७० ते ८४ गुड, ५० ते ६९ फेअर, त्याखाली पुअर. आईची अनामिका गुडमध्ये आली, सुंदर वळते, नखं तळहाताला टेकतात. करंगळी फेअरमध्ये अडकली. दोन्ही बोटांत तेच जेल, एकाच सिरिंजमधलं, तोच हात, तीच थेरपी, तेच डॉक्टर. फरक जखमेत होता, अनामिकेची एकच टेंडन गेली होती, करंगळीच्या दोन्ही, शिवाय नळीचा भागही कापलेला आणि नस पण. करंगळी मुळातच त्रासदायक बोट, नळी सगळ्यात अरुंद. जेलनं तिथं काही केलंच नाही असं मी म्हणत नाही, कदाचित नसतं घातलं तर आणखी वाईट असतं, पण जखमेनं जे बिघडवलं होतं ते जेलला पूर्ण भरून काढता आलं नाही हे डोळ्यांसमोर आहे.

बिलाबद्दल. जेलच्या डब्यावरचा स्टिकर, ज्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते, तो ऑपरेशनच्या फाइलमध्ये चिकटवलाय का बघा आणि फोटो काढून ठेवा. आमच्या विमा कंपनीनं जेलची रक्कम कन्झ्युमेबल (एकदा वापरून संपणारी वस्तू) म्हणून सरळ कापली. डॉक्टरांकडनं गरजेचं पत्र घेऊन आम्ही परत अर्ज केलाय, उत्तर यायचंय. कॅशलेस करणाऱ्यांनी ॲडमिट व्हायच्या आधीच हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर जेलचा वेगळा उल्लेख करून लेखी मंजुरी मागावी. आणि सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) जाणाऱ्यांनी किंवा सरकारी योजनेतून करणाऱ्यांनी जेल मिळालं नाही म्हणून मन खट्टू करू नये, चांगली शिवण आणि वेळेवर सुरू झालेली हालचाल यांनीच जगभरात बोटं वाचलेली आहेत, जेल बाजारात यायच्या कितीतरी आधीपासून.

आता करंगळीचं. दुसऱ्या हातानं वाकवली तर पूर्ण वाकते, स्वतःहून अर्धीच, म्हणजे सांधे मोकळे आहेत आणि टेंडन चिकटलेली आहे. डॉक्टर म्हणतात की थेरपीतनं प्रगती थांबली आणि कातडी मऊ पडली की तीन ते सहा महिन्यांच्या पुढं चिकटलेला भाग सोडवायचं ऑपरेशन करता येतं. ते केलं तर मी जेल नक्की घालायला सांगणार आहे, कारण पुरावा आहे तो ह्याच ऑपरेशनसाठी, आणि त्यासाठी पैसे बाजूला काढलेत. आईनं अजून हो म्हटलेलं नाही. ती म्हणती भाकरी थापायला हात सपाट पडतोय, पोळी लाटता येतीया, मग एका करंगळीसाठी परत तीन महिने बसून राहू का. दिवाळीनंतर मॅडम परत मोजमाप घेणार आहेत, त्या आकड्यावर बघू.